शांतवन काय ओरडला होता

शांत्या,

तुझ्या मातीच्या वेळी तुझं कौतुक झालं. त्या कौतुकातलं एक वाक्य खोट्यावर उभं होतं, आणि ते खोटं माझं आहे.

तुला खाली सोडलं, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आम्ही एकेक मूठ माती टाकायला रांगेत उभे राहिलो. तेवढ्यात चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी म्हणून प्रकाश दोन शब्द बोलायला पुढे आला. बसस्थानकासमोर मोबाइलचं दुकान चालवतो तो आपला प्रकाश. पोरगा मनानं चांगला आहे. तुझ्या आजारपणात वहिनींना कधी रिक्षा शोधावी लागली नाही, ते त्याच्यामुळे. तो म्हणाला, "काका जिंदगीभर म्हनत राह्यले, देवाच्या दारात हत्यार नको. पन त्या कापणीच्या सणाले खराच धोका दिसला, तवा सगळ्यायच्या आधी काकाच ओरडले. शेवटी त्यायलेही पटलंच होतं."

लोकांनी माना हलवल्या. सुशीलावहिनी पदर तोंडाशी धरून खाली बघत होत्या. मी तुझ्या खड्ड्याच्या काठाशी उभा होतो, मुठीत माती तशीच होती. मी बोललो नाही. माती टाकली आणि बाजूला झालो.

गप्प राहण्याची माझी ती शेवटची वेळ.

कापणीच्या सणाआधीच्या रविवारी मंडळीची सभा आहे. विषय तुझ्या ओळखीचा आहे. चर्चच्या फाटकावर स्वयंसेवकांचं पथक उभं करायचं, आणि त्यातल्या फौजेतून निवृत्त झालेल्या दोघांनी आपापल्या परवान्याच्या बंदुका घेऊन उभं राहायचं. या विषयावर आपण दोघं जितकं भांडलो तितकं हिंगणघाटात कोणी भांडलं नसेल. आता भांडायला तू नाहीस, पण तुझं नाव आहे, आणि ते बंदुकीच्या बाजूला मांडलं जातंय. पाळकसाहेब मला म्हणाले, "दावीदभाऊ, तुम्ही त्यांचे लहानपणचे मित्र. आपल्या पत्रकासाठी त्यांच्याबद्दल लिहा." मी हो म्हणालो. हे ते लिखाण. पत्रकात छापलं तर ठीक. नाही छापलं तर मत घेण्याआधी मी सभेत उभा राहून ते वाचणार आहे.

तुझा जन्म, नोकरी, मुलंबाळं, ते सगळं चौकटीत वेगळं येईल. मला दाराबद्दल लिहायचं आहे.

आपण दोघं दारातलीच माणसं. तू एसटीच्या दारात कंडक्टर म्हणून उभा राहिलास, मी फौजेतून आल्यावर बँकेच्या दारात खांद्यावर बंदूक अडकवून. तू हिंगणघाट–अल्लीपूर गाडीवर इतकी वर्षं काढलीस की त्या रस्त्यावरच्या तीन पिढ्या तुला तोंडावरून ओळखू येत. हा कोणाचा पोरगा, ही कोणाची सून, कोणाला कुठल्या फाट्यावर उतरायचं, सगळं. मला बँकेतल्या साहेबांनी वेगळं शिकवलं होतं. माणूस आत आला की आधी त्याचे हात बघ, हातात काय आहे ते बघ. चेहरा नंतर. चेहऱ्याला भुलशील.

एकदा तू पेन्शनचं काहीतरी विचारायला बँकेत आलास आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिलास.

"काऊन बे दाव्या, माह्या हाताकडे काय पाहून राह्यला? तोंड इकडं हाय."

"सवय हाय."

"घरी बायकोच्याही हाताकडेच पाह्यतं का?"

"पाह्यतो. लाटनं असते."

तू इतक्या जोरात हसलास की मॅनेजरनं केबिनमधून डोकं बाहेर काढलं. त्या वेळी तो विनोद होता. पुढे त्याच सवयीनं काय केलं, ते सांगायचं आहे.

निवृत्त झाल्यावर तू चर्चचं दार धरलंस. कोणी नेमलं नव्हतं तुला. रविवारी घंटा व्हायच्या आधी फाटकाशी रांजण भरून ठेवायचास, पेला उपडा, वर ओलं फडकं. उपासनेला येणारे पाणी प्यायचे, रस्त्यानं जाणारेही प्यायचे, आणि बाजाराला आलेली माणसं तर तुझ्याच रांजणावर थांबायची. आत गर्दी झाली की तुझ्यातला कंडक्टर जागा व्हायचा. "चला, पुढं सरका! पुढचे बाक रिकामे हायेत. मांगं काऊन लटकून राह्यले? उतरायचं हाय का?" पाळकसाहेब वेदीपाशी उभे राहून हसू दाबायचे.

मग तो रविवार आला. उपासना चालू असताना काही पोरं दारात येऊन ओरडू लागली. चपलांचा ढीग लाथाडला, नाताळचा फलक फाडला, पाळकसाहेबांची स्कूटर आडवी पाडून तिची काच फोडली. तू दारात हात पसरून उभा होतास. तुला ढकललं, पण आत कोणी आलं नाही. पोलीस आले तोवर सगळे पांगले होते. कोणाला मोठी इजा झाली नाही. लोक म्हणाले, थोडक्यात गेलं.

माझ्या घरचं मात्र थोडक्यात गेलं नाही. माझी नात तेव्हा लहान होती. ती बाकाखाली शिरली, आणि सगळं शांत झाल्यावरही बाहेर येईना. मी फरशीवर पालथा पडून तिला हाका मारत होतो. त्यानंतर कित्येक महिने ती संडे स्कूलला गेली नाही. रविवारी सकाळी तिचं पोट दुखायचं. आजोबा चाळीस माणसांच्या बँकेची राखण करत होता, आणि स्वतःच्या नातीला बाकाखालून काढायला त्याला तिच्यापुढे आडवं व्हावं लागलं. शांत्या, ते मला सहन झालं नाही. मी पथकाचा ठराव मांडला तो त्यामुळे. येत्या सभेत हेही वाचणार आहे. मी बंदुकीच्या हौसेनं उभा राहिलो नव्हतो. भीती खरी होती, आजही खरी आहे, आणि जी माणसं आज पथक मागताहेत त्यांना कोणी वेडं म्हणू नये.

मी ठराव मांडला त्या सभेत दोन्ही बाजूंनी शास्त्रातली वचनं निघाली. एकाच पानावरून दोघांनी दोन अर्थ काढले. तू वचन काढलं नाहीस. तू म्हणालास, "दारात बंदूक उभी केली का थे दार नाई राह्यत, चौकी होते. चौकीवर पानी प्यायले कोन येते?"

मी म्हणालो, "अन् उद्या कोनी आत घुसलं तर? पानी पाजशील?"

"पाजीन. मंग पाह्यू."

लोक हसले. मला राग आला. मी बोललो ते मला आजही ऐकू येतं. "तुही नात नव्हती बाकाखाली."

तुला नातवंड नव्हतं. होईल याची वहिनी किती वाट बघत होत्या ते मला माहीत होतं. तू खुर्चीची पाठ धरून उभा होतास. "नव्हती," तू म्हणालास. "हे खरं हाय." आणि बसलास. ठराव पास झाला.

बाहेर निघताना तू माझा दंड धरलास. "पथक कर. पन मांगचं फाटक लावू नको. कापणीच्या सणाले अल्लीपूरवाले तिकूनच येतेत."

ते मलाही माहीत होतं. आपण त्यांना बघतच मोठे झालो. अल्लीपुराकडची ख्रिस्ती घरं आणि त्यांच्याबरोबर येणारे शेजारी गाडी नाल्याजवळ उभी करायचे आणि शेतातल्या वाटेनं, डोक्यावर गव्हाच्या पेंढ्या घेऊन, डफडं वाजवत मागच्या फाटकानं आत यायचे. शेतातली पेंढी शेताच्या वाटेनंच देवाकडे जायला पाहिजे, सडकेनं नाही, असा त्यांचा रिवाज. ज्या विळ्यानं ती कापली तो विळा पेंढीतच खोचलेला असायचा. वेदीपुढे पेंढी ठेवायची, प्रार्थना झाली की विळा परत घ्यायचा आणि त्यानंच उरलेलं शेत कापायचं. वच्छलाबाई बौद्ध घरातल्या, पण लग्न होऊन आल्यापासून शेजारणीबरोबर येत होत्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "गहू विचारते का, खानारा कोन हाय म्हनून?"

मी तुला म्हणालो, "फाटक तर लावावंच लागंन. दोन दारं राखायले मानसं नाईत. पन मी अल्लीपूरले निरोप देतो, सडकेनं या म्हनून."

"देशील?"

"म्हनलं ना, देतो."

मी निरोप दिला नाही. विसरलो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. विसरलो नव्हतो. कुठलं दार बंद आहे आणि कुठल्या दारात माणूस उभा आहे, हे जितक्या कमी लोकांना कळेल तितकं चांगलं, असं बँकेत शिकवलेलं होतं. फोन हातात घेतला आणि वाटलं, अल्लीपुरात सांगितलं तर तालुकाभर होईल. कुलूप दिसलं की येतील फिरून. मी फोन खाली ठेवला आणि मागच्या फाटकाला कुलूप घातलं.

सणाच्या सकाळी आत पेटी, ढोलकी, टाळ्या, सगळं भरात होतं. पथकातली पोरं गाणं ऐकायला दारापर्यंत सरकली होती. फाटकाशी आपण दोघंच. तू रांजणापाशी, मी बंदूक घेऊन. मागच्या बाजूला अल्लीपूरवाल्यांनी फाटक वाजवलं असणार, हाका मारल्या असणार. गाण्यात कोणाला ऐकू येणार? उन्हात थांबून ते चिडले. पेंढ्या बहुतेकांनी तिथेच झाडाखाली ठेवल्या, विळे मात्र कोण उघड्यावर टाकून येतं? ते हातात राहिले. आणि भिंतीला वळसा घालून ते सडकेवर आले, ओरडत. "कोनं लावलं बे कुलूप? कोनाच्या बापाचं हाय फाटक?"

मी हात बघितले.

वळणावरून पंधरा-वीस माणसं भराभर येत होती, प्रत्येकाच्या हातात पातं चमकत होतं, आणि आवाज चढलेला होता. मी फाटक ओढलं, कडी घातली आणि बंदूक खांद्याला लावली. नळी त्यांच्यावर होती. त्यातल्या निम्म्या माणसांच्या हातचं मी जेवलेलो होतो. एकही चेहरा मला दिसला नाही.

तुला चेहरे दिसले. तू ओरडलास. इतक्या मोठ्यानं तुला ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं, भरलेल्या गाडीतसुद्धा नाही. आणि तू माझ्यासमोर येऊन नळीवर हात ठेवलास आणि ती खाली दाबलीस.

तोवर व्हायचं ते झालं होतं. पुढच्यांनी बंदूक बघितली आणि ते मागे फिरले, मागचे पुढे येत होते. वच्छलाबाईंनी एकट्यांनी आपली पेंढी डोक्यावरून उतरवली नव्हती. त्या ढकलल्या गेल्या आणि नालीच्या काठावर पडल्या. मनगट मोडलं. गहू सडकेवर सांडला. तू कडी काढून धावलास. गाणं थांबलं, माणसं बाहेर आली. त्यांना दिसलं ते एवढंच: फाटक उघडं, सडकेवर गहू, तू नालीत बसून एका म्हाताऱ्या बाईचा हात धरलेला, आणि मी बंदूक घेऊन उभा.

संध्याकाळी कमिटी बसली. अल्लीपूरवाले तक्रार न करता निघून गेले होते, पेंढ्या परत घेऊन. पाळकसाहेबांनी विचारलं, "दावीदभाऊ, बंदूक का उचलली?"

मी म्हणालो, "शांतवन ओरडला. हत्यारं घेऊन लोक आले, असं ओरडला. म्हनून उचलली."

सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू ओरडलास हे आतल्या प्रत्येकानं गाण्यातून ऐकलं होतं. काय ओरडलास ते कोणालाच कळलं नव्हतं. मला हे माहीत होतं, म्हणूनच ते खोटं मला सुचलं.

तू माझ्याकडे बघत राहिलास. माझ्या तोंडाकडे. मग म्हणालास, "ओरडलो, हे खरं हाय." तेवढंच.

मी असं का केलं? बँकेनंतर धरलेली कापसाच्या जिनिंगमधली राखणदारी माझ्या बंदुकीच्या परवान्यावर होती, बायकोचं दुखणं चालू होतं, हे कारण आहे. पण पूर्ण कारण नाही. अल्लीपूरच्या माणसांवर बंदूक रोखणारा माणूस मी आहे, हे मला माझ्याच मंडळीसमोर कबूल करता येईना. आणि निरोपाचं तर कोणी विचारलंच नाही. ते मी मंडळीला आज पहिल्यांदा सांगतोय.

तुला दारावरून काढलं. मोठ्या सौजन्यानं काढलं. "शांतवनभाऊंचं वय झालं, घाबरतात आताशा." घाबरलो होतो मी. रांजण उचलून मागच्या खोलीत ठेवला गेला. पथकही वर्षभरात विस्कटलं, पोरांना कंटाळा आला, माझी बंदूक घरी ट्रंकेत गेली. मागच्या फाटकाचं कुलूप तेवढं राहिलं. किल्ली माझ्याकडेच होती, कोणी मागितली नाही. आणि अल्लीपूरवाले पुन्हा आले नाहीत.

कमिटीच्या दुसऱ्या दिवशी तू मला वेणा नदीच्या पुलावर गाठलंस. मला वाटलं शिव्या देशील. मीच आधी बोललो, "काऊन नाई बोलला काल? मी खोटं बोललो ना."

"मी काऊन सांगू? मी तुह्या वतीनं नाई सांगनार. तुहं तिकीट तूच काढ."

"अन् तोवर तुहं नाव?"

"माह्या नावाचं पाह्यतो मी. तू तुह्या तोंडाचं पाह्य."

त्यानंतर आपली मैत्री तुटली असती तर माझं सोपं झालं असतं. तू ती तोडली नाहीस. संध्याकाळचा चहा चालू राहिला, बंदुकीचं भांडणही चालू राहिलं. कुठे काही घडल्याची बातमी आली की मी पेपर घेऊन यायचो, "पाह्य, आता काय म्हनतं?" आणि तू बशीत चहा ओतत म्हणायचास, "वाईट झालं. पन दारात पह्यले मानूस पाह्यजे, बंदूक मंग." ते भांडण संपलं नाही. वर्षातून एकदा मात्र, सण जवळ आला की, तू बशी खाली ठेवायचास आणि एकच शब्द विचारायचास. "यंदा?"

मी म्हणायचो, "पुढल्या साली."

तू सणाच्या आदल्या दिवशी एकटाच अल्लीपूरला जायचास. तुझ्याच जुन्या गाडीनं, तिकीट काढून. येताना पिशवीतून मूठभर गव्हाच्या ओंब्या आणायचास आणि सणाच्या दिवशी वेदीपुढे ठेवायचास. कुठल्या, कोणाच्या, कोणाला सांगितलं नाहीस. मी मागच्या बाकावरून बघायचो आणि मान खाली घालायचो.

दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा तुझा आवाज खोल गेला होता. मी संत्री सोलत होतो. तू विचारलंस, "यंदा?" मी म्हणालो, "तू बरा हो पह्यले, मंग."

तू डोळे मिटून हसलास. "अबे, मी बरा व्हायची वाट पाहून राह्यला का? म्हनजे मले मराचीही सोय नाई ठेवली तुनं."

मीही हसलो. फोड तुझ्या तोंडात घातली. तू गेलास ते उत्तर न घेता.

मातीनंतर दोन दिवस मी घरात बसून होतो. मग आधी वहिनींकडे गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. निवडत राहिल्या. म्हणाल्या, "मले माहीत होतं, भाऊ. यायनं नाई सांगतलं. पन हे ओरडले म्हनून कोनी घाबरलं, असं मले कधी वाटलंच नाई. यायच्या ओरड्यानं गाडीतलं लेकरूसुद्धा घाबरत नव्हतं." मग म्हणाल्या, "तुमी जेवून जा." शांत्या, मी जेवलो. त्या घासाइतकं जड मी आयुष्यात काही गिळलं नाही.

तिथून अल्लीपूर. वच्छलाबाई अंगणात हरभरा झोडपत होत्या, डाव्या हातानं. उजवं मनगट वाकडंच जुळलं आहे. त्यांनी मला ओळखायला क्षणही घेतला नाही.

"या, बंदूकवाले भाऊ. आज हात रिकामे?"

"रिकामे हायेत, बाई."

"बसा मंग."

मी बसलो आणि सांगितलं. निरोपाचं, कुलपाचं, कमिटीतल्या खोट्याचं. त्यांचा मुलगा दारात येऊन उभा राहिला होता. वच्छलाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"खोटं तुमच्या चर्चात असंन, भाऊ. इथं कोनी खोट्यात नाई. शांतवनभाऊ काय ओरडले थे आमी समोर उभं राहून आयकलं ना."

मला हे सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की तुझं नाव सगळीकडे डागाळलंय. ते फक्त आपल्या भिंतीच्या आत डागाळलं होतं. भिंतीबाहेर सगळ्यांना ठाऊक होतं.

"मंग कोनी हिंगणघाटात बोललं काऊन नाई?"

मुलगा म्हणाला, "आमी जाणारच होतो बोलायले. शांतवनकाकानं अडवलं. म्हनत, थो सांगन. त्याले सांगू द्या. दर साली येऊन हेच म्हनत."

वच्छलाबाईंनी माझ्याकडे रोखून बघितलं. "मंग? सांगतलं का?"

"रविवारी सांगतो. सभेत."

"सांगा. मंग पाह्यू." आणि त्यांनी सूप पुन्हा उचललं. मला वाटलं बोलणं संपलं. मी उठलो तेव्हा त्या मान वर न करता म्हणाल्या, "फाटक कोनतं उघडं राहीन यंदा?"

"मांगचं."

"कुलूप काढजा पह्यले."

परत आल्यावर मी मागच्या फाटकाशी गेलो. किल्ली फिरेना, आतून गंजलं होतं. लोहाराकडून करवत आणली आणि कुलूप कापलं. माझे हात आता थरथरतात, वेळ लागला. प्रकाश दुकानातून येता येता थांबला. "काका, काय करून राह्यले? रविवारी ठरायचं हाय ना फाटकाचं." मी म्हणालो, "हे कुलूप मी लावलं होतं, ठरावात नव्हतं. मी काढून राह्यलो." त्याला मी तिथेच सगळं सांगितलं, कारण त्याच्या तोंडून निघालेलं खोटं माझं होतं आणि ते त्यानं सभेत पहिल्यांदा ऐकू नये. करवत हलू नये म्हणून त्यानं कुलूप धरलं. मग म्हणाला, "काका, तरी बी मले पथक पाह्यजे वाटते." मी म्हणालो, "माग ना. कारनं तुह्याजवळ हायेत. शांतवन काढून घे त्यातून." त्यानं हो म्हणून मान हलवली.

बंदूक मी पोलीस ठाण्यात जमा केली. तुझं मला पटलं म्हणून नाही. हात थरथरणाऱ्या माणसानं ते कधीच करायला हवं होतं. तुझं सगळं मला आजही पटत नाही, हे तू असतास तर तोंडावर सांगितलं असतं. पोरं पुन्हा दारात आली तर काय करायचं, याचं पाणी पाजण्यापलीकडचं उत्तर तू कधी दिलं नाहीस. मला अजून फाटकाशी माणसं हवी आहेत. पण ती अशी हवीत की ज्यांना येणाऱ्यांचे चेहरे माहीत आहेत आणि कुठलं दार बंद केलं तर कोणाला निरोप द्यायचा हे माहीत आहे. बंदुकीवर मी नको म्हणून मत देईन. बाकीचे काय देतील ते त्यांनी ठरवावं. मी कोणाला मत मागणार नाही. मला फक्त तुझा ओरडा तुला परत द्यायचा आहे, आणि त्या दिवशीच्या कमिटीच्या इतिवृत्तात दुरुस्ती मागायची आहे: शांतवन घाबरला नव्हता, दावीद घाबरला होता.

रांजण मागच्या खोलीतून काढला आहे. एक कड फुटली आहे, पाणी राहतं. सणाच्या सकाळी मी मागच्या फाटकाशी तो भरून बसेन. अल्लीपूरवाले येतील की नाही, मला माहीत नाही. आले तर या वेळी आधी तोंडं बघेन.

आणि रविवारी. पाळकसाहेबांना मी विनंती केली आहे की गाणं आधी होऊ द्या, पूर्ण होऊ द्या. पेटी बंद होऊ द्या, ढोलकी खाली ठेवू द्या. मग मी उठेन आणि त्या दिवशी तू जे ओरडलास ते, आपल्या बोलीत, जसंच्या तसं म्हणेन. शेवटच्या बाकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं:

"दाव्या, आपले हायेत! अल्लीपूरचे हायेत बे! खाली घे थे, फाटक खोल!"